तेवीस दिवे

पटत नसेल तर सोडून द्या, पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलेलं. आमची ताई चौदा वर्षं परदेशी सहली नेते. गोष्टी रचून सांगायची तिला ना हौस, ना वेळ.

गेल्या वर्षीची उन्हाळी सहल. अकरावा दिवस. संध्याकाळचे सात वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. तिकडे उन्हाळ्यात सूर्य नऊपर्यंत मावळत नाही. म्हणजे अंधारात भास झाला, असं म्हणायचीही सोय नाही.

ताई थकली होती.

अशी तशी नाही. अकरा दिवस पहाटे पाचला उठायचं, तेवीस माणसांच्या बॅगा, गोळ्या आणि रुसवेफुगवे सांभाळायचे. तिच्या नाकी नऊ आले होते.

त्यात मनावर एक ओझं. दोन वर्षांपूर्वी एका पेट्रोल पंपावर तिच्या सहलीतले एक आजोबा मागे राहिले होते आणि बस बरीच पुढे निघून गेली होती. तेव्हाच कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा एक माणूस मागे राहिला तर नोकरी गेली म्हणून समजा. आणि आमच्या ताईचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं.

तेव्हापासून तिने जोडीदाराची पद्धत काढली. बस सुटायच्या आधी ती माइकवर विचारायची, "आपापला जोडीदार बघून घ्या. कुणाचा नाहीये?" कुणी हात वर केला नाही की निघायचं.

शिवाय ड्रायव्हरसमोर पाहुण्यांच्या सगळ्या सीटचे बारीक दिवे होते. माणूस बसला आणि पट्टा लावला की त्या सीटचा दिवा हिरवा. पट्टा नसेल तर लाल, आणि पीप पीप. सीट रिकामी असेल तर दिवाच लागत नाही.

अकरा जोड्या होत्या. एकटे होते फक्त मास्तर.

निवृत्त मुख्याध्यापक. नाव दोघांचं नोंदवलेलं, पण निघायच्या तीन महिने आधी मास्तरीणबाई गेल्या. मुलांनी त्यांना बळेच एकटं पाठवलं. बाईंचा राखाडी स्वेटर त्यांनी बरोबर आणला होता. बसमध्ये तो खिडकीच्या अठरा नंबरवर असायचा आणि मास्तर शेजारी सतरावर. जेवताना तो समोरच्या खुर्चीच्या पाठीवर असायचा.

लोक आधी कुजबुजले. मग सवय झाली.

पहिल्याच दिवशी ताईने त्यांना सांगितलं होतं, "मास्तर, तुमची जोडीदार मी. तुम्हाला मी बघेन."

तर त्या संध्याकाळी जेवण एका इटालियन हॉटेलात होतं. तळघरातला लांबट हॉल. दगडी भिंती, खाली गारठा. ताईने चोवीस पानं सांगितली होती, तेवीस पाहुणे आणि ती स्वतः.

मांडली होती पंचवीस.

मालकाला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण पाय इतके भरून आले होते की ती म्हणाली, असू दे.

एवढंच. असू दे.

जास्तीचं पान मास्तरांच्या समोर होतं. स्वेटर टांगलेल्या खुर्चीपुढे.

जेवण सुरू झालं. सहलीतल्या खानावळवाल्या काकांनी पिझ्झा उलटापालटा करून पाहिला. "पोळी केली, भाजी केली, आणि पोळीत गुंडाळायचा कंटाळा केला," ते म्हणाले. सगळे हसले. मास्तरही हसले. अकरा दिवसांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात वाढणारी बाई ताईजवळ आली. वयस्कर, शांत बाई. तिने तिच्या भाषेत विचारलं, त्या बाईंना गरम पाणी हवंय, चालेल ना?

सहलीत गरम पाणीवाल्या चार बायका होत्या. ताईने न बघताच मान हलवली.

थोड्या वेळाने तिचं सहज लक्ष गेलं...

वाफाळता ग्लास मास्तरांच्या समोर होता. त्या खुर्चीपुढे. आणि तो अर्धा संपलेला होता.

मास्तर पहिल्या दिवशी बोलता बोलता म्हणाले होते, आमची ही जेवताना गरम पाण्याशिवाय घास घ्यायची नाही.

ताईने स्वतःला समजावलं. मास्तरांनीच मागवलं असेल. मन रमवतात बिचारे. तिला बाकीची वीस कामं होती.

सव्वाआठला सगळे बसमध्ये बसले. ताई पुढच्या सीटवर कोसळली आणि माइक हातात घेतला. "आपापला जोडीदार बघून घ्या. कुणाचा नाहीये?"

हात वर झाला नाही.

तिने दिवे मोजले. तेवीस. सगळे हिरवे.

कुठला दिवा कुठल्या सीटचा, ते तिने पाहिलं नाही. मागे वळून फक्त अठरा नंबरवर राखाडी स्वेटर दिसला. तिच्या जिवात जीव आला. बस निघाली आणि तिचा डोळा लागला.

वीसेक मिनिटं झाली असतील.

पीप... पीप... पीप...

ड्रायव्हर वैतागून म्हणाला, अठरा नंबरला पट्टा काढलाय, सांगा त्यांना.

"मास्तर, पट्टा लावा हो," ताई माइकवर म्हणाली.

पीप... पीप...

ती उठली. दोन्ही बाजूंच्या सीट धरत मागे गेली. माणसं पेंगत होती.

सतरा रिकामी होती.

अठराही रिकामी होती. फक्त स्वेटर. पट्टा सुटून लोंबत होता.

ताईने स्वेटर उचलला. आवाज थांबला नाही. म्हणून तिने सीटवर हात ठेवला...

सीट उबदार होती.

पलीकडच्या रांगेतल्या मावशी जाग्या झाल्या. "काय झालं गं?"

"मास्तर कुठायत?"

"असतील की. मघाशी कुणीतरी खिडकीशी बसलं ना, स्वेटर घालून."

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. पण भीतीच्या आधी तिला रडू आलं, तेही दमल्यामुळे. पुन्हा तेच. पुन्हा एक माणूस मागे. आणि या वेळी तिचा स्वतःचाच जोडीदार.

बस वळवली. हॉटेलचा फोन कुणी उचलेना. परतीची वीस मिनिटं अठरा नंबरचा दिवा लाल होता. ड्रायव्हरने दोनदा काहीतरी बंद करून पाहिलं. पीप पीप चालूच.

हॉटेलसमोर बस थांबली. दार उघडलं.

आणि आवाज थांबला.

ताई धावत तळघरात उतरली. बाकी टेबलं आवरलेली होती. मास्तर आपल्या जागी बसले होते, हात मांडीवर ठेवून. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नाही.

"मी हात धुवायला गेलो होतो," ते म्हणाले. "आलो तर सगळे निघालेले. ही म्हणाली, तुम्ही इथेच बसा, धावू नका, गुडघे दुखतील. मी बस परत घेऊन येते."

ताईने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"आली का ती?" मास्तरांनी विचारलं.

वर बावीस माणसं खोळंबली होती. कुणी एव्हाना साहेबांना फोनही लावला असेल. मास्तरांना तिथून उठवायचं, एवढंच ताईला दिसत होतं.

"हो," ती म्हणाली. "बसमध्ये आहेत. चला."

मास्तर लगेच उठले. जिन्यावरून ताईने एकदा मागे पाहिलं. ती वयस्कर बाई त्याच टेबलावर गरम पाण्याचा ग्लास ठेवत होती. नुकतंच कुणी मागितल्यासारखा.

मास्तर सतरावर बसले. अठरावर फक्त स्वेटर होता. ताईने दिवे पुन्हा मोजले, या वेळी एकेक नंबर वाचून. तेवीस. अठराचा दिवा बंद.

उरलेले तीन दिवस मास्तर प्रत्येक थांब्यावर बसच्या दारापाशी जरा घुटमळायचे, एवढंच.

शेवटी विमानतळावर ते ताईजवळ आले. रागावलेले नव्हते. शाळेतल्या मुलाचं चुकलेलं गणित समजवावं तसं हळू म्हणाले, "ती मला आणायला आत उतरली असणार हो. आपण तिला न घेताच निघालो."

साहेबांना कुणी काही कळवलं नाही. ताईची नोकरी शाबूत आहे. कागदावर त्या सहलीत तेवीस गेले, तेवीस आले.

पण ताई आता जोडीदार विचारत नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजते. आणि मोजून झालं तरी तिचं समाधान होत नाही.

पुढच्या महिन्यात तिला तोच मार्ग मिळाला आहे. तेच हॉटेल. मी म्हटलं, नाही म्हणून सांग. ती बॅग भरत होती, मान वर न करता म्हणाली, "मागे सोडून आलेय ना मी. एकदा जाऊन घेऊन यायला हवं."

घेऊन यायचं म्हणजे कसं, आणि कुठे, हे मी विचारलं नाही. माझा धीर झाला नाही.

मास्तरांना तिने जाणार असल्याचं कळवलं नव्हतं. कुणीच कळवलं नव्हतं. तरी गेल्या आठवड्यात त्यांचं पार्सल आलं. आत तो राखाडी स्वेटर होता, धुऊन घडी घातलेला. आणि सुवाच्य अक्षरातली एका ओळीची चिठ्ठी.

"तळघरात गार असतं. भेटल्याबरोबर तिच्या अंगावर घाला."