आधी कुणाचं विचारायचं

"तेरा नाहीत. बारा आहेत," मी मागून म्हणाले.

टेकाडावर पालथा पडून दुर्बीण लावलेला वाटाड्या तरुण दचकला. त्याच्याबरोबर शहरातून रानउंट बघायला आलेलं एक म्हातारं जोडपं होतं.

"मी मोजलेत, तेराच!"

"शेवटची आमची सांडणी आहे. रानउंटांची वशिंडं लहान, टोकदार. हिची बघा, खाऊन कलंडलीत. माजावर आलेल्या रानातल्या नराने परवा पळवलीय तिला."

त्याचे कान लाल झाले... थंडीने नसावेत. "म्हणजे ही वरात म्हणायची?"

"हसू नका. घरात दुभती तेवढीच आहे."

मी माझा उंट पुढे काढणार, तोच त्याने दोरीवर हात ठेवला. "जरा थांबाल? तुम्ही गेलात की कळप उधळेल. ही दोघं चार दिवस प्रवास करून आलीत. त्यांचं बघून होऊ दे, मग सांडणी मी आणून देतो. मी चुलुन."

"आणि नाही आणलीत तर?"

"तर तोंड दाखवणार नाही..."

"दुल्मा," मी नाव सांगितलं.

आणि थांबले. का थांबले, ते आईला कधीच सांगितलं नाही. म्हातारी दुर्बिणीतून बघता बघता डोळे पुसत होती. चुलुन कळपाकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होता. एवढ्यात वारा फिरला. आमचा वास लागताच कळप धुळीत नाहीसा झाला... सांडणीसकट.

एकोणीस दिवस चुलुनचा पत्ता नव्हता. विसाव्या दिवशी तंबूबाहेरून पाहुण्याची हाक आली, "कुत्रा धरा हो!"

चुलुनच होता. गाल थंडीने फुटलेले, हात रिकामे. आमच्या गोबीच्या वाळवंटात तंबूत आलेला माणूस आधी जनावरांची खुशाली विचारतो, मग माणसांची. लहान मूलही चुकत नाही. चुलुनने खाऱ्या चहाचा वाडगा घेतला आणि म्हणाला, "दुल्मा कशी आहे?"

मी समोरच बसले होते!

बाबांनी तपकिरीची बाटली खाली ठेवली. "आणि जनावरं?"

"ते विचारायला तोंड नाही, काका. सांडणी कुठेच सापडली नाही."

"विचारलं असतंस तर कळलं असतं, पोरा. चौथ्या दिवशीच आली ती. तंबूमागे उभी आहे."

आई बाहीआड हसली. चुलुन वाडग्यात बघत राहिला.

"तोंड दाखवणार नव्हतात ना?" मी विचारलं.

"राहवलं नाही..." मग त्याने वाडगा ठेवला, सावरून बसला. "जनावरं खुशाल?"

"खुशाल," बाबा म्हणाले.

"आणि... दुल्मा?"

बाबा माझ्याकडे बघू लागले. आईही.

"ती," मी म्हणाले, "तू राहिलास तर खुशाल."