परस्पर मान्य केलेला धोका

साहेब, ते भोक तुम्ही बुजवलं नाहीत. त्यावर सही केलीत. 'धोका मान्य' असं लिहून कुणी मोठ्या साहेबाने सही केली की आपल्या ऑफिसात भोक नाहीसं होतं. निदान वरच्यांच्या स्क्रीनवरचा लाल ठिपका हिरवा होतो. खातेदारांचे पैसे ज्या सर्व्हरमधून जातात, त्यात कुणीही शिरू शकत होतं. धोका त्यांचा, सही तुमची.

पण मी प्रबोधबद्दल सांगायला बसले आहे.

तो मला पुलाउ उबीन बेटावर जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर भेटला. माणसं भरल्याशिवाय बोट सुटत नाही, म्हणून सगळे ताटकळत होतो. शेजारी एक मुलगा आईशी फोनवर मराठीत बोलत होता. खणखणीत आवाजात. इथे परदेशात कुणाला कळणार आहे, या खात्रीने.

"काम ठीक आहे गं आई. फक्त कंप्युटर सिक्युरिटीतली एक बाई आहे. दर सोमवारी मेल. पॅच लावा, पॅच लावा. नवऱ्यालाही असंच छळत असेल."

फोन ठेवताना तो 'जय भीम' म्हणाला.

"जय भीम," मी म्हटलं. "नवरा नाहीये मला. सोमवारची मेल मीच पाठवते."

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... दीप्ती मॅडम?"

"मॅडम राहू द्या. पॅच कधी लावताय? ते भोक अजून उघडंच आहे."

"सर्व्हर बंद केल्याशिवाय लागत नाही. साहेब बंद करू देत नाहीत. मी काय करू, उडी मारू?"

"लाइफ जॅकेट घालून मारा. धोका कमी होतो."

तो हसला. बोट सुटली.

उबीनवर माझ्या भाड्याच्या सायकलची चेन पडली. ती त्याने बसवली आणि ग्रीसचे हात कुठे पुसावेत ते न कळून तसाच उभा राहिला. मग सर आली. आम्ही शहाळीवाल्याच्या पत्र्याखाली शिरलो. जागा कमी होती, खांद्याला खांदा लागत होता. पाऊस थांबला... कुणीच बाजूला झालं नाही.

चांगी बिझनेस पार्कात आमच्या इमारती वेगळ्या. दुपारी जेवायला तो हॉकर सेंटरला आधी पोचायचा आणि टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून माझी जागा धरायचा.

"घरी सांगितलंस माझ्याबद्दल?" मी एकदा विचारलं.

"आईला संशय आलाय."

"कसला?"

"की मी त्या बाईबद्दल तक्रार करायचं का बंद केलं."

मग तो शनिवार. बाहेरून कुणीतरी त्याच भोकातून हात घालून चाचपतंय, हे मला सकाळी दिसलं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "सही केली आहे ना मी? सोमवारी बघू."

मी प्रबोधला फोन लावला. "सर्व्हर बंद कर."

"परवानगी?"

"नाही मिळाली."

"बरं. करतो."

पॅच लागला. कुणाचं काही गेलं नाही. पण दुपारपर्यंत लोकांचे व्यवहार अडकले, तक्रारी आल्या, आणि तुम्हाला दाखवायला एक गुन्हेगार हवा होता.

चौकशीला जाताना लिफ्टसमोर प्रबोध हळूच म्हणाला, "मी एकट्याने केलं असं सांगतो. तुझं नाव येणार नाही."

"का?"

"नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला. दोघांचा कशाला?"

"मला विचारलंस?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी—"

"साहेबांनीही लोकांना विचारलं नव्हतं. माझा धोका परस्पर मान्य करणारा तू कोण?"

आत गेल्यावर मी सांगितलं, बंद करायला मीच सांगितलं. तुम्ही टेबलाकडे बघत राहिलात. मला ताकीद दिलीत, बंद करणारा हात त्याचा म्हणून त्याला काढलंत. पास रद्द. आता त्याला देश सोडायचा आहे.

काल त्याच्या बुकित पंजांगच्या खोलीवर गेले. तो बॅग भरत होता.

"पुण्यात काहीतरी बघतो," तो म्हणाला. "तू थांब इथे. तुझं नीट चाललंय. नंतर... बघू."

मी त्याच्या हातातला शर्ट काढून घेतला. "ठरवलंस पण? माझ्या वाटचं?"

"मग काय करू?"

"विचार."

खिडकीबाहेरून एलआरटीची छोटी ट्रेन गेली. इमारतीजवळ येताच तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांची घरं दिसू नयेत म्हणून. त्याने माझा हात धरला. विचारलं मात्र नाही.

"बरं, मीच विचारते," मी म्हटलं. "मला तू हवा आहेस. इथे, पुण्यात, कुठेही. माझी नोकरी जाईल, घरचे बोलतील, कदाचित वर्षभराने आपण भांडूही. सगळं मोजून बोलतेय मी. तुला मी हवी आहे का? आणि 'बघू' नको म्हणूस, प्रबोध. हो की नाही, ते सांग."