बारा कपाटांची एक किल्ली

पहिला दगड आला तेव्हा मुंगी कुत्र्यांच्या भांड्यांत पाणी ओतत होती. खिडकीची काच फुटून तिच्या पायांपर्यंत उडाली. पाठोपाठ आलेला दुसरा दगड थेट आत्याच्या कपाळावर बसला. आत्या ओरडली नाही. तिने फक्त तोल सावरायला भिंतीला हात लावला. तो हात उचलला तेव्हा भिंतीवर रक्ताची पाच बोटं उमटली होती.

"आधी कुत्र्यांची दारं लावा," ती म्हणाली. "एकही बाहेर जाता कामा नये. पुढे मोठा रस्ता आहे."

मुंगीला मुंगी म्हणत, कारण ती अंगाने एवढीशी होती आणि एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नसे. तिच्या धाकट्या भावाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचे, म्हणून तो तोफ. आत्याची मुलगी दात घासायला सांगितलं तरी मुद्दे मांडायची, म्हणून ती वकील. सुट्टी लागली की मुंगी आणि तोफ आत्याकडे येत, कारण आत्याचं घर म्हणजे कुत्र्यांचं वसतिगृह होतं. प्रवासाला जाणारे लोक आपली कुत्री तिच्याकडे ठेवून जात. रोज दुपारी आत्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढून आपल्या साइटवर टाकी. 'आज जेवली, आज रुसली' अशी एखादी ओळही लिही. दूर गेलेले मालक दुपारची वाट पाहत आणि फोटो बघून निर्धास्त होत.

त्या दुपारी मात्र साइटवर भलतंच दिसलं होतं. रक्ताळलेली, हाडं वर आलेली, साखळीने बांधलेली कुत्री, आणि खाली एक ओळ : आमच्याकडे तुमची कुत्री अशी शिस्त शिकतात.

लोकांनी फाटक पाडलं. सगळ्यांत पुढे काचवाला होता, गावातल्या निम्म्या खिडक्यांना काचा बसवणारा. बहिणीच्या घरून तो तसाच गाडी हाकत आला होता. त्याने हातातल्या दांड्याने आतलं दार फोडलं, आणि त्याचाच भलामोठा कुत्रा, पहिलवान, उडी मारून त्याचं तोंड चाटू लागला. काचवाल्याचा दांडा गळून पडला. पण तोवर मागच्यांनी टेबल उलटलं होतं, दोन पिंजरे वाकवले होते, आणि त्या गोंधळात बटण नावाचं छोटं कुत्रं फाटकातून निसटलं होतं. रस्त्यावरून ब्रेकचा आवाज आला आणि मग एक लांबलचक किंकाळी. मुंगी धावली. बटण जिवंत होतं, पण त्याचा मागचा पाय चाकाखाली आला होता. तिने त्याला फ्रॉकमध्ये उचललं तेव्हा त्याने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तिने त्याला सोडलं नाही.

मागाहून आलेल्या पोलीससाहेबांनी सगळं पाहिलं. आतली कुत्री धडधाकट आहेत हे त्यांना पटलं. पण बघे म्हणत होते की मार खाल्लेली कुत्री हिने कुठेतरी लपवली असतील. साहेब निघताना आत्याला म्हणाले, पुन्हा असा प्रकार झाला तर नाइलाजाने कुलूप ठोकावं लागेल. आत्याने कपाळाला फडकं दाबून मान हलवली. ते घर आणि ती कुत्री, याखेरीज पोटापाण्याला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिघं मुलं तडक स्वस्तकाकांकडे गेली. साइट त्यांनीच करून दिली होती. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत ते बसत. जमिनीवर वायरींचं जंगल, त्यात एक खुर्ची आणि खुर्चीत मावेल न मावेल एवढे काका. कुठलंही काम इतरांपेक्षा स्वस्तात करून देतो, याचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांनी जुनी प्रत चढवून साइट पूर्ववत केली. हे कुणा परदेशी भामट्याचं काम आहे, मी आता पासवर्डच बदलून टाकतो, असं ते ऐटीत म्हणाले. बदलला. मग फोन उचलला आणि एकेकाला तो नवा पासवर्ड सांगू लागले. आधी शिंप्याला, मग दातांच्या डॉक्टरला, मग बँडवाल्याला.

मुंगी पाहत राहिली. "काका, आत्याचा पासवर्ड त्यांना कशाला?"

"आत्याचा कुठला? सगळ्यांचा आहे तो."

काकांनी खुशीने समजावलं. दूर कुठेतरी एक मोठा संगणक असतो. इमारतीत खोल्या भाड्याने मिळतात तशी त्यावर साइटसाठी जागा मिळते. अनेक भाडेकरू एका छपराखाली राहिले तरी बिघडत नाही. प्रत्येकाची खोली वेगळी, भिंती वेगळ्या. पण काकांनी बाराजणांसाठी बारा खोल्या न घेता एकच घेतली होती आणि तिच्यात बारा कपाटं उभी केली होती. किल्लीही एकच.

मुंगीने पडद्याकडे बोट दाखवलं. आत्याच्या फोल्डरच्या वर-खाली इतर अकरांची फोल्डरं होती. "आपल्याला त्यांची कपाटं दिसतात," ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांना आपलं दिसतं."

"म्हणजे भामटा परदेशात नाही," वकील म्हणाली. "या अकरांपैकी कुणीतरी आहे. आणि काका, त्याला नवी किल्ली तुम्ही आत्ता फोन करून दिलीत."

तोफेला ताबडतोब सगळी कपाटं उघडून बघायची होती. मुंगीने त्याचा हात धरला. न विचारता दुसऱ्याच्या कपाटात हात घातला, तर आपण आणि तो सारखेच की. त्यापेक्षा तिच्या मनात वेगळंच होतं. काकांनी प्रत्येकाला त्याच्या नावाची वेगळी किल्ली द्यायची. खोली तूर्त तीच. फक्त आत्याच्या कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागला की काकांचा फोन वाजला पाहिजे आणि किल्ली कुणाची ते त्यावर दिसलं पाहिजे.

काका म्हणाले, नसती झंझट. वकिलीने त्यांना आत्याच्या कपाळावरची जखम, बटणचा पाय आणि मुंगीच्या मनगटातले दात, या क्रमाने सगळं ऐकवलं. काका घामाघूम झाले आणि कामाला लागले.

धोका आत्याचा होता. पान पुन्हा बदललं तर लोक पुन्हा येणार आणि कुलूप लागणार. कपाळाला टाके घालून ती परतली तेव्हा मुंगीने तिला सगळं सांगितलं. आत्याने बटणच्या पट्टीची गाठ नीट बांधली. मग म्हणाली, "करा. या वेळी फाटक मीच उघडीन, म्हणजे मोडायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी आणि तोफ काकांच्या खोलीत फोनसमोर बसली होती. आत्याने फोटो टाकले आणि थोड्याच वेळात फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं : शिस्तमास्तर.

मुंगीने साइट उघडली. तिथे पुन्हा कालचेच फोटो होते. शिस्तमास्तर हा कुत्र्यांना शिकवणारा माणूस. पूर्वी तो आत्याकडेच कामाला होता. तो कुत्र्यांना साखळीने मारतो हे कळलं त्याच दिवशी आत्याने त्याला हाकललं होतं. मग त्याने गावाबाहेर स्वतःचं वसतिगृह काढलं आणि साइट करून घेतली ती स्वस्तकाकांकडूनच.

काका जिना उतरले तसे खालच्या दुकानातली पहिली सायकल घेऊन निघाले. मागे तोफ, पुढच्या दांडीवर मुंगी. सायकल कण्हत होती आणि काकाही.

आत्याच्या अंगणात तोवर मारामारी पेटली होती. फाटक उघडं होतं, तरी कुणीतरी ते पुन्हा पाडलं होतं. एकाने वकिलीला ढकलून दिलं होतं. तिचा ओठ फाटला होता, तरी ती दारात हात पसरून उभी होती आणि मुद्दे मांडत होती. बाहेर एक बंद गाडी उभी होती. मास्तर मोठ्या आवाजात सांगत होता की या बाईच्या तावडीतून कुत्री सोडवायला मी आलोय, सगळी माझ्याकडे सुखात राहतील. त्याच्या मुठीला साखळी गुंडाळलेली होती.

साखळी खुळखुळली आणि पहिलवान जमिनीला चिकटला. कुणालाही न भिणारं ते धूड पोट घासत मागे सरकलं आणि त्याच्याखाली फरशी ओली झाली. त्याला घरी न्यायला आलेला काचवाला ते बघतच राहिला.

मुंगी गाडीच्या टपावर चढली. तिचा आवाज तिच्यासारखाच, एवढासा. "फोटो मास्तरनी टाकलेत," ती म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही.

खालून तोफ डागली गेली. "फोटो मास्तरनी टाकलेत!"

सगळ्यांच्या माना टपाकडे वळल्या. मग मुंगी एकेक वाक्य बोलत गेली आणि तोफ ते गल्लीभर पोचवत गेला : एक खोली, बारा कपाटं, वेगळ्या किल्ल्या, आणि आत्ता कुणाची किल्ली फिरली ते. काकांनी फोन वर धरला.

मास्तरने साखळी मोकळी केली आणि मुंगीच्या दिशेने फिरवली. ती तिच्यापर्यंत पोचली नाही. मध्ये स्वस्तकाका आले. साखळी त्यांच्या हातावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग लोक मास्तरवर तुटून पडले. त्याचं नाक फुटलं, शर्ट फाटला, तो खाली पडला तरी लाथा थांबेनात. काचवाल्याने कालचाच दांडा उचलला होता. आत्या गर्दीत घुसली, मास्तरच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिच्या कपाळाचे टाके उसवून रक्त भुवईवर आलं.

"काल असेच माझ्यावर आला होतात," ती म्हणाली. "माझ्या अंगणात कुणी कुणाला मारायचं नाही. यालाही नाही."

दांडा खाली आला. पोलीससाहेब पोचले तेव्हा आत्या मास्तरच्या नाकाला ओलं फडकं लावत होती आणि तो मान वर करत नव्हता.

वकील फाटक्या ओठाने साहेबांना म्हणाली, "फोटो खोटे नाहीत, साहेब. त्यांतली कुत्री कुठली ते याला विचारा."

साहेब गावाबाहेर गेले. फोटोतली सगळी कुत्री तिथे होती, त्याच साखळ्यांना बांधलेली. संध्याकाळी ती आत्याकडे आली. साहेब स्वतः एकेकाला उचलून उतरवत होते. जाताना त्यांनी मुंगीशी मोठ्या माणसाशी करतात तसा हात मिळवला आणि म्हणाले, "मी या घराला कुलूप लावायला निघालो होतो, पोरी. तू मला वाचवलंस."

पुढचे दिवस स्वस्तकाकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून ते सांगत आणि मुंगी टाइप करी. प्रत्येकाला वेगळी खोली. प्रत्येकाचा लांबलचक पासवर्ड, आणि शिवाय फोनवर येणारा आकडा घातल्याशिवाय दार उघडायचं नाही. विसरलेल्या जुन्या प्रती काढून टाकल्या, शिळे प्रोग्राम नवे केले, रोजची प्रत निराळ्या जागी ठेवायची सोय केली. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, महाग पडेल, पण ही पोरगी ऐकत नाही.

काचवाला नवी काच घेऊन आला. ती बसवताना त्याने एकदाही आत्याकडे पाहिलं नाही. काम झाल्यावर त्याने भिंतीवरची रक्ताची बोटंही पुसायला घेतली. आत्याने शेजारी उभं राहून त्याला पाण्याची बादली धरून दिली.

दुपारी तिने आपला नवा पासवर्ड कुणाला दिसणार नाही असा अंग वळवून टाइप केला आणि बटणचा फोटो चढवला : आज तीन पायांवर चाललं, एकदा पडलं, दोनदा भुंकलं.

"आत्या, मला तरी सांग ना पासवर्ड," तोफ तिच्या कानाशी लागला. "शप्पथ, मी हळूच ठेवीन मनात."

त्याच्या त्या हळू आवाजाने घरातली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली.