दुमडलेला फोटो

"ढब्ब्या, शिडी हलवू नकोस! पडेन ना मी!" चिंगी वरून ओरडली.

संध्याकाळी क्लबात आजोबांचा सत्कार होता. सुट्टी लागलेल्या या बहीणभावांनी हॉल झाडायचं काम अंगावर घेतलं होतं. चिंगीने स्टेजच्या भिंतीवरचा प्रसिद्ध फोटो उतरवला. धावण्याच्या शर्यतीत पडलेल्या आजोबांना त्यांचा प्रतिस्पर्धी हात देतोय! त्यांच्या मैत्रीचे गोडवे सगळे गात. आजोबा मात्र फोटोकडे कधी बघतसुद्धा नसत.

पुसताना मागचा पुठ्ठा निसटला.

"अगं, फोटो दुमडलाय!"

दुमडलेल्या भागात दोन पंच होते. प्रतिस्पर्ध्याला कमरेला धरून मागे खेचत होते!

"हात देणाऱ्याला कुणी मागे ओढतं का?" चिंगी पुटपुटली.

"गप्प बसा आणि होता तसा लावा!" क्लबचे सेक्रेटरी मागून खेकसले. "गोष्ट लोकांना आवडते."

फोटो घेऊन दोघं धावत घरी गेली. आजोबा शर्टाची बटणं लावत होते. फोटो पाहून त्यांचे हात थांबले.

"तो हात देत नव्हता, लंगडत मला मारायला आला होता," ते म्हणाले. "शेवटच्या वळणावर मी त्याला कोपर मारलं. दोघंही पडलो. त्याचा गुडघा कायमचा गेला. मैत्रीची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली. मला सोयीची होती. गप्प बसलो."

चिंगीला रडू फुटलं. "आजोबा, तुम्ही?"

"पूर्ण फोटो लाव, पोरी. आज सांगतो."

"सेक्रेटरीकाका, माइक बोंबलला!" ढब्बूने ऐन वेळी हाळी दिली. ते तिकडे पळाले, तेवढ्यात चिंगीने फोटो उलगडून लावला. स्टेजचा पडदा सरकला. सेक्रेटरींचा चेहरा पडला. आजोबा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. एकही टाळी वाजली नाही.

पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्या प्रतिस्पर्ध्याची मुलगी होत्या. त्यांचे वडील गेल्या वर्षीच वारले होते.

"बाबा जन्मभर सांगत राहिले, 'मी हात दिलाच नव्हता.' आम्ही हसायचो. म्हणायचो, किती हा विनय!" त्यांनी फोटोकडे पाहिलं. "घरातसुद्धा कुणी त्यांचं ऐकलं नाही हो!"

"गुडघा... दुखायचा का?" आजोबांनी विचारलं.

"जिना चढताना. शेवटपर्यंत."

आजोबा मटकन खाली बसले.

बाईंनी दोघा मुलांना जवळ घेतलं. "शाबास रे पोरांनो! आज बाबा खरे ठरले." मग त्या चिंगीला हळूच म्हणाल्या, "जा, आजोबांजवळ बस."

चिंगी गेली. ती नुसतीच त्यांना टेकून बसली.