पूर्ण विचारलेला प्रश्न

“मी दार बंद केलंच नाही!” मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डनबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

“बसा. कोणत्या दा—”

“मागच्या! आग लागली तेव्हा ते बंद होतं. एका पोरीनं खिडकीतून उडी मारली, पाय मोडला.”

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे दीर, भावजी, सोबतीला असत. “मग आता का—” वहिनींनी विचारलं.

“कॉलेजच्या मुली पॉडकास्ट शिकतायत. प्रकल्प म्हणून माझी मुलाखत घेतली. त्यात मीच कबूल करतेय! संध्याकाळी बैठक आहे. नोकरी तर जाईलच, पण त्या पोरीचा पाय जन्मभर माझ्या माथी बसेल.”

“बाई कुणाला वाक्य पुरं करू देतील तर शपथ,” भावजी पुटपुटले.

कॉलेजच्या छोट्या स्टुडिओत वहिनींनी अख्खा भाग ऐकला. बाईंचा आवाज सारखा निवेदिकेच्या आवाजावर चढत होता. मग ती जागा आली.

“मागचं दार कोणी बंद केलं?”

क्षणभर शांतता.

“मीच बंद केलं. दुसरं करणार काय?”

आवाज बाईंचाच होता. भावजींचा चेहरा पडला.

संपादन करणाऱ्या मुलीला सगळे चष्मिस म्हणत. “मूळ रेकॉर्डिंग पुसलं,” ती म्हणाली. “मेमरी कार्ड एकच आहे, पुढच्या गटाला द्यावं लागतं. बाईंच्या माइकची एक फाइल आणि आमच्या निवेदिकेच्या, मैनाच्या माइकची एक, दोन्ही मैनानंच आणून दिल्या. बाईंच्या माइकमध्ये शिरलेला मैनाचा आवाज मी पुसला. सरांनी तसंच शिकवलंय.”

“काही मागेपुढे सरकवलंस?”

“छे! दोन्ही फाइली एकाखाली एक लावल्या, बस.”

“हिला बाईंनी वसतिगृहातून काढलं होतं,” भावजी वहिनींच्या कानाशी लागले. “हिचंच काम!”

मग वहिनींनी मैनाला बोलावलं. ती वसतिगृहातच राहायची.

“एखादा प्रश्न नंतर रेकॉर्ड केलास?” वहिनींनी तिला विचारलं.

“एकही नाही. बाईंना समोरासमोर विचारले, तसेच आहेत.”

वहिनींनी बाईंसह सगळ्यांना स्टुडिओत बसवलं.

“भावजी, चष्मिसला आवाज कापता येतो. मैनाच्या तोंडी नवा प्रश्न कसा घालेल? आता नीट ऐका. बाईंनी प्रत्येक प्रश्न मध्येच तोडलाय. हा एकच शेवटपर्यंत जातो, कारण तो बाईंसमोर कधी विचारलाच नाही. खरा प्रश्न वेगळा होता. मैनानं आपल्या फाइलमध्ये त्या जागी हा बसवला. खऱ्या प्रश्नाचा माग फक्त बाईंच्या माइकमध्ये उरला होता. तो चष्मिस पुसणार, हे मैनाला ठाऊक होतं.”

“विजेचं बटण!” बाई ओरडल्या. “आगीत विजेचं मुख्य बटण कोणी बंद केलं, असं विचारत होती ही!”

“पण मैना असं का करेल?” भावजींना अजून उमगेना.

मैना रडायलाच लागली. “त्या दिवशी मी मागच्या दारानं गुपचूप बाहेर पडले. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून बाहेरून कडी घातली. उडी मारली ती माझ्याच खोलीतली. रोज तिला लंगडताना बघते. कधीतरी सगळं माझ्यावर येईल, याची भीती वाटली.”

बाई तिच्याकडे वळल्या. संताप आला होता, आणि पोरीची कीवही.

“बैठकीत आता तू बोलायचंस,” त्या उठत म्हणाल्या. “मी येते बरोबर. पण त्याआधी खोलीवर चल. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.”