खाऱ्या नदीचा चौथा भाग

"थे दुपारी वाचून राहिली ना, तोवर अकोल्याचं नाव काढू नका तिच्यापाशी. हे गेली का मंग कोन बसन त्या खोलीत? तुमी?"

दुर्गाबाई आपल्या नवऱ्याला, शेषरावांना, स्वयंपाकघरात हळू आवाजात विचारत होत्या. सून गच्चीवर आहे असा त्यांचा समज. पण वर्षाली कुरडया उलटवून जिन्याने खाली आली होती, अनवाणी, आणि अनवाणी सुनेची चाहूल कुणाला लागत नाही. बशीत चहा ओतल्याचा आवाज तेवढा आला.

वर्षाली आल्या पावली चार पायऱ्या वर गेली आणि बांगड्या वाजवत पुन्हा उतरली.

लग्नाला अडीच महिने झाले होते. नवरा, धर्मेंद्र, अकोल्यात बियाण्याच्या कंपनीत होता. शनिवारी अमरावतीला यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा, आणि निघताना दर वेळी म्हणायचा, "रूम भेटली का नेतो तुले." लग्नात तिला तीन मिक्सर मिळाले होते आणि एकही पुस्तक नाही. एका कुशीवर फार वेळ झोपलं की हाताला मुंग्या येतात, तशा तिच्या मनाला आल्या होत्या. दुखत नव्हतं काही. कळतही नव्हतं.

सासरी तिला काम फार नव्हतं. एकच नेम होता. दुपारी दोन ते तीन, मागच्या खोलीत, मोठ्याने पोथी वाचायची. वाचणाऱ्याला गादी, पुढे लाकडी ठवणीवर पोथी, आणि समोर एक रिकामा पाट. ऐकायला देव येऊन बसतो म्हणून पाट मांडतात, हे तिला मूर्तिजापूरला माहेरीही ठाऊक होतं. माहेरी पाटावर फूल ठेवत. इथे दुर्गाबाई पाटाशेजारी तपकिरीची डबी ठेवायच्या. देव तपकीर कधीपासून ओढायला लागला, हे वर्षालीने विचारलं नाही. नव्या सुनेने विचारू नये अशा गोष्टींची तिची यादी बरीच मोठी झाली होती.

पोथी तिने चार वेळा वाचून संपवली. पाचव्या वेळी तिची जीभ आपोआप चालायला लागली आणि ती स्वतः कुठेच नसायची.

मग बाजारातल्या गजाला आपांच्या वाचनालयात तिला 'खाऱ्या नदीचं राज्य' सापडलं. तीन जाडजूड भाग, आत नकाशा, लेखकाचं नाव नुसतं 'गोवर्धन'. एका राज्याची नदी रातोरात खारी होते, विहिरी खारवतात, पोटातली पोरंसुद्धा तहानलेली जन्मतात. आणि राणी मैना नदीत मीठ कुणी कालवलं ते शोधायला उगमाकडे निघते. पहिली चाळीस पानं तिने वाचनालयात उभ्यानेच वाचली. घरी येईपर्यंत मुंग्या थोड्या उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने ठवणीवर पोथी उघडली आणि तिच्या पोटात कादंबरी ठेवली. पुढच्या खोलीत दुर्गाबाई कूलरसमोर पडलेल्या. त्यांना शब्द कळायचे नाहीत, चाल तेवढी ऐकू जायची, असा तिचा हिशेब. म्हणून वर्षालीने राणी मैनेची कथा पोथीच्या चालीवर म्हणायला घेतली.

बाहेर ऊन रणरणत होतं. खिडकीला वाळ्याचा पडदा, खोलीत हिरवट काळोख. मैना कोरड्या पात्रात उतरली, तिच्या घोड्याने मीठ चाटलं आणि गुडघे टेकले…

"हं…"

पाटावरून आला तो हुंकार. कथा रंगली की म्हातारी माणसं देतात तसा. आणि पाठोपाठ तपकिरीचा झणझणीत वास.

वर्षालीने पाटाकडे पाहिलं. पाट रिकामा होता. आपल्याला भीती वाटायला हवी, एवढं तिला कळलं. तिने पान उलटलं.

पाच आठवड्यांत तीन भाग झाले. पोथीला एकदाही न मिळालेले हुंकार राणी मैनेला रोज मिळत होते. तिसऱ्या भागाच्या शेवटी मैना उगमापाशी पोचते. तिथे मिठाचा दरवाजा. ती त्यावर हात ठेवते आणि आतून कुणीतरी टकटक करतं. संपलं.

"चौथा तो आयाच नहीं, बेटा," गजाला आपा म्हणाल्या. "कितने साल से लोग पूछ रहे."

दुसऱ्या दिवशी वर्षालीने पुन्हा पोथी लावली. दोन ओव्या झाल्या आणि पाट सरकला. फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज, लांबलचक. ती उठून बाहेर आली.

मग दोन दिवस त्या खोलीत कुणी गेलं नाही. दोन वाजले की आत पाट आपटायचा. ठक… ठक… तीन वाजेपर्यंत. दुर्गाबाई ताटातले तेच ते तांदूळ निवडत बसायच्या. शेषराव बाहेर उन्हात जाऊन उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी वर्षालीचं मनगट धरलं. त्यांचा हात थंड होता.

"सुंदराआत्या हाये थे. यायची, तुह्या सासऱ्याची आत्या. आठ वर्सं अंथरुनात होती त्या खोलीत. मीच वाचत होतो तिले पोथी. एक दिवस दारावर पाव्हने आले… मी अध्याय अर्धा ठेवून उठलो. परत गेलो त…" त्या थांबल्या. "अर्ध्यावरून उठू नाई वो पोथीतून. म्हाइत होतं मले. तवापासून ऐकाले बसते थे."

वर्षालीने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"तू जे वाचत होती ना, थेच वाच बाई. मले काय समजत नाई का? पोथीत राणी कुठून आली!"

वर्षाली आत गेली. पाट भिंतीपासून हातभर पुढे आला होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पुढचा भाग लिहिलेलाच नाही हो."

कूलरचं पाणी ठिबकत होतं. मग अगदी जवळून, तपकिरीने घोगरलेला आवाज आला.

"मंग तू बस पाटावर… मी सांगतो."

ती पाटावर बसली. लाकूड गरम होतं, कुणी नुकतंच उठावं तसं.

"दरवाजाआड कोन होतं सांग… मैनाच होती थे. म्हातारी झालेली. तिनंच कालवलं मीठ…"

वर्षालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. लग्नाच्या दिवसापासून अंगाला असं काही झालं नव्हतं.

"हं," ती म्हणाली.

त्यानंतर रोज. सुंदराआत्याला अक्षर येत नव्हतं, पण दरवाजाआडच्या मिठाच्या नगराच्या गल्ल्या पाठ होत्या. कोणत्या वळणावर कोण कुणाची वाट पाहतं, ते त्या बसल्या जागी सांगायच्या. वर्षाली जेवायची कमी. आंघोळीला बसली की तांब्यातलं पाणी तिला खारट लागायचं.

महिन्याभराने गजाला आपांचा फोन आला. चौथा भाग छापून आला होता. वर्षाली गेली, उभ्यानेच अकरा पानं वाचली. दरवाजाआड एक शिपाई निघाला. तिने पुस्तक मिटून परत दिलं.

"पसंद नहीं आया?"

"यांना पुढचं ठाऊकच नाही, आपा."

"फिर किसको ठाऊक है?"

वर्षालीने सांगितलं नाही. आवडता लेखक नवा नवा सापडला की त्याचं नाव लगेच कुणाला देववत नाही.

पुढच्या शनिवारी धर्मेंद्र भर दुपारी आला. अकोल्यात रूम मिळाली होती, दारात ऑटो उभा होता. यावेळी दुर्गाबाईंनी अडवलं नाही. सुनेची बसलेली गालफडं त्यांना दिसत होती. त्यांनी स्वतःच तिची बॅग भरली.

"ने बाप्पा इले. आजच ने. माह्यानं झालं थे, मीच बसन आता."

शेषरावही उठले आणि तिघे मागच्या खोलीच्या दाराशी आले. सकाळपासून लाइट गेलेली, कूलर बंद. वर्षाली पाटावर बसली होती, हनुवटी वर करून. समोरच्या गादीवर कुणी नव्हतं, पण गादी मधोमध दबलेली होती आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी थोडी दबली.

"वर्षाली…" धर्मेंद्र उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "चाल. ऑटो उभा हाये."

"हं," ती म्हणाली. त्याच्याकडे न पाहता. "हं… हं…"

"चाल बाई," दुर्गाबाई रडकुंडीला आल्या. "तुले कोनी ठेवून नाई घेत आता. जाय अकोल्याले. सुखानं राह्य."

वर्षालीने हात वर केला. थांबा.

"किती वेळ लागन?" धर्मेंद्रने विचारलं.

तिने मान गादीकडे कलती केली. ओठ हलले, काय विचारलं ते कुणाला ऐकू आलं नाही. मग ती ऐकत राहिली, बराच वेळ. आणि हसली. लग्नानंतर पहिल्यांदाच धर्मेंद्र तिला तोंडभर हसताना पाहत होता.

"हा भाग होतच आला म्हणतात," ती त्या तिघांना म्हणाली. "अजून अकरा आहेत."