काचेतला प्रतिजन्म

अकोल्याच्या प्रतिजन्म केंद्रात रेणूच्या आतड्याचा तुकडा काचेच्या बशीत वाढत होता आणि सात वर्षांची रेणू बाहेरच्या बाकावर पाय हलवत ज्वारीच्या लाह्या खात होती.

आता प्रतिजन्म म्हणजे काही जादूबिदू नव्हे. मूल जन्मवाटेने येताना आईच्या अंगचे जंतू घेऊन येतं. पोट कापून काढलं, तर ते त्याला तसे मिळत नाहीत. गहू पोटात गेला की आतडंच झिजू लागतं, त्या सिलिअ‍ॅकचं मूळ यातच आहे का, यावर डॉक्टरमंडळी वर्षानुवर्षं भांडत होती. मग कुणीतरी शक्कल काढली. मुलाच्या पेशींपासून आतडं वाढवायचं, त्याला आईचे जंतू द्यायचे, वर गव्हाचं सत्त्व चारायचं आणि बघायचं. मूल सरळ जन्मलं असतं तर काय झालं असतं, ते कळतं.

रेणू सिझेरियनची. तिला सिलिअ‍ॅक निघाला तेव्हा तिच्या आईला, वृंदा खोडकेला, कुणी बोल लावला नाही. तिनेच तो लावून घेतला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर जीव तोडून सांगत होते, तरी ही बया हटून बसली, कापायचं नाही म्हणजे नाही. मुलगा आतच गुदमरून गेला. तेव्हापासून वृंदाला रडूही येत नव्हतं. जेवायची, कामं उरकायची, झोपायची.

बशीतलं आतडं धड निघावं, एवढंच आज तिला हवं होतं. म्हणजे दोष सिझेरियनचा ठरला असता. पोराचा जीव अगदीच फुकट गेला, असं झालं नसतं.

डॉ. सबनीस हसतच आल्या. "ताई, सुटलात बघा! हेही आतडं झिजलंय. सरळ जन्मली असती तरी रेणूला हे होणारच होतं. आणि एकटी रेणूच नाही, आजवर एकाही प्रतिजन्मात फरक निघालेला नाही. तुमची काही चूक नव्हती हो."

"म्हणजे धाकट्याला कापून काढलं असतं, तरी चाललं असतं?"

डॉक्टरांनी जीभ चावली. मग हळूच म्हणाल्या, "हो."

वृंदाने बशीकडे पाहिलं. डोळे कोरडेच होते.

"मॅडम, रेणूला सांगाल का, की हे सिझेरियनमुळेच झालं? आईमुळे झालं?"

"अहो, काहीतरीच काय! उगाच स्वतःवर का घेताय?"

"घेऊ द्या. ती बाहेर बसलीय. तिची माफी तरी मागता येईल."